पंचाची सही

पंचामुखी परमेश्वर बोलतो, असे आपले वाडवडील म्हणत आले. परमेश्वर अजून बोलतो की नाही ते मला ठाऊक नाही. पंचाने मात्र बोलणे केव्हाच सोडले आहे. हल्ली पंच म्हणजे पोलीस ठाण्याच्या टेबलाशी वाकून, दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली, दुसऱ्याच्याच पेनाने सही करणारा इसम. नाव, वय, धंदा आणि पत्ता एवढे मिळाले की त्याचे काम संपते. त्याने काय पाहिले हे त्याला कोणी विचारीत नाही. न्यायाच्या कारभारात सामान्य नागरिकाला आज एवढीच जागा उरली आहे, आणि ती अपमानाची जागा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या फराळात हा कडू घास कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, ही आपलीच रीत आहे.

मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन चित्रकलेची पदविका घेतली आणि शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु पंच म्हणून मी तीनदा उभा राहिलो आहे, आणि माझे आजोबा दोनदा ज्यूरीवर बसले होते. एकाच घरात दोन पिढ्यांच्या अंतराने नागरिकाची पत कशी उतरली ते मला जवळून दिसले आहे.

आजोबा मुंबईत एका कापड गिरणीच्या हिशेबखात्यात कारकून होते. १९५० नंतरच्या दशकात त्यांना सत्र न्यायालयातून ज्यूरीचे बोलावणे आले. त्या दिवसांची हकिकत ते आम्हा नातवंडांना गणपतीत आणि दिवाळीत हमखास सांगत. नावांच्या चिठ्ठ्या काढल्या जात. ज्याची चिठ्ठी निघे तो उभा राही, आणि आरोपीला त्याच्यावर हरकत घेण्याची मुभा असे. आजोबांचे नाव निघाले तेव्हा पिंजऱ्यातल्या माणसाने त्यांच्याकडे नीट पाहिले आणि मान हलवली. "त्याने मला पत्करले," असे आजोबा म्हणत. हे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा खाली येई.

खटला एका चाळीतल्या चाकूमारीचा होता. साक्षीदार म्हणत होता की, जिन्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्याने आरोपीचा चेहरा ओळखला. वकिलांनी त्यावर मोठी भाषणे केली. ज्यूरीच्या खोलीत मात्र वाद झाला तो अगदी निराळा. नऊ जणांत चाळीत राहणारे तिघेच, त्यांत आजोबा एक. जिन्यावरचा तो दिवा किती मिणमिणता असतो, त्यावर किती काजळी असते, वरून उतरणाऱ्याचा चेहरा दिसतो की नुसती आकृती, हे त्या तिघांना रोजच्या अनुभवाने माहीत होते. बंगल्यात राहणाऱ्या दोघांना ते पटेना. दोन तास नऊ माणसे एका दिव्यावर भांडली! शेवटी सात विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांनी आरोपीला निर्दोष म्हटले आणि न्यायाधीशांनी ते मानले. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत. सुटलेला माणूस खरोखर निर्दोष होता ना, हा प्रश्न त्यांना म्हातारपणापर्यंत छळीत होता. गिरणीतल्या एका कारकुनाला सरकारने एवढ्या मोठ्या प्रश्नाच्या योग्यतेचा समजावा, याचा अभिमानही त्यांना तितकाच होता.

ही ज्यूरी गेली कशी? कोणालाही विचारा, तो नानावटींचे नाव घेईल. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाच्या कमांडर नानावटींनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो निकाल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. या सगळ्यावर सिनेमे निघाले, लोकांच्या डोक्यात पक्के बसले की वर्तमानपत्रे वाचून पाघळलेल्या नऊ जणांनी ज्यूरी बुडवली. पण विधी आयोगाने ज्यूरी बंद करण्याची शिफारस केली ती १९५८ साली, आपल्या चौदाव्या अहवालात. म्हणजे त्या गोळ्या सुटण्याच्या आदल्या वर्षी. नानावटी खटला हे निमित्त झाले. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच ठेवली नाही. गंमत अशी की, १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली आणि ते मोकळे झाले. ज्यूरीने सोडले तर ती भोळी आणि भावनाविवश. तेच राजभवनाने केले तर ती दया! आजही मुंबईत पारशी दांपत्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यात न्यायाधीशांबरोबर त्या समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. तिथे सामान्य माणसाची अक्कल चालते, बाकीच्यांची चालत नाही, हे कोडे मला उलगडलेले नाही.

तरी ज्यूरीचे गोडवे गाण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. लोकमान्यांना तुरुंगात धाडले ते ज्यूरीनेच. १८९७ साली सहा युरोपियनांनी त्यांना दोषी म्हटले आणि तीन हिंदी ज्यूरर विरुद्ध गेले. १९०८ साली सात विरुद्ध दोन मतांनी तेच झाले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा लागली. खटला 'केसरी'तल्या मराठी लेखांचा, आणि बहुमत गोऱ्यांचे! टिळक त्या वेळी सुमारे एकवीस तास बोलले, त्यातला किती तरी वेळ भाषांतराने मूळ मराठी शब्दांचा अर्थ कसा बिघडवला हे सांगण्यात गेला. १८९८ च्या संहितेने तर ज्यूरीस पात्र म्हणून फक्त पुरुष धरले होते. अशी ज्यूरी जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणणार नाही.

माझे भांडण दुसरेच आहे. निकाल द्यायला नागरिक नालायक आहे असे एकदा ठरवले ना? मग त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यायला हवे होते. तसे झाले नाही. त्याचे डोके नको म्हणून सांगितले आणि हात मात्र ठेवून घेतला. खून होवो, चोरी होवो, झडती असो की जप्ती, दोन पंचांच्या सह्यांवाचून कागद पुरा होत नाही. जुन्या संहितेचे १०० वे कलम असो वा १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १०३ वे, दोहोंचे म्हणणे एकच: झडतीपूर्वी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, त्यांच्या समक्ष झडती घ्यावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करावी, तिच्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. लेखी आदेशाने बोलावल्यावर सबळ कारणावाचून नाही म्हणणे हा गुन्हा आहे. कायदा करणाऱ्याच्या मनातला हेतू उघड आहे. पोलिसाच्या हाती झडतीचा अधिकार दिला, तेव्हा त्याच्यावर नजर ठेवायला शेजारचे दोन भले लोक उभे केले. पंच हा पोलिसाचा मदतनीस नाही, त्याच्यावरचा पहारा आहे. प्रत्यक्षात पहारेकऱ्याला चोरापेक्षाही वाईट वागवले जाते, कारण चोराला निदान वकील मिळतो.

मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई. दोन्ही बाजू ऐकून निवाडा झाला की महजर होई, आणि त्यावर हजर मंडळींच्या साक्षी पडत. ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. शेतकरी नांगर काढी. तो नांगर काढणारा आधी ऐकत असे, बोलत असे, मग निशाणी करीत असे. आज झोकदार सही करणाऱ्या पंचाला त्या निरक्षर नांगरवाल्याची पत नाही. लगेच कोणी जातपंचायतीचे नाव काढील, म्हणून सांगून टाकतो. माणसांना वाळीत टाकणारे ते पंच मला नकोत. त्यांना आवरायला महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, हे योग्यच झाले. मी बोलतो आहे तो सरकारनेच बोलावलेल्या, कायद्याने उभ्या केलेल्या पंचाबद्दल.

माझा पहिला पंचनामा घरफोडीचा. शेजारच्या आळीत चोरी झाली आणि एक वयस्क हवालदार मला घेऊन गेले. त्यांनी टेप लावून खिडकी मोजली, चतुःसीमा लिहिल्या, घटनास्थळाचा कच्चा नकाशा काढला आणि म्हणाले, "गुरुजी, तुम्ही ड्रॉइंगवाले, बघा बरे, काही चुकले का?" खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ओली माती होती आणि बाहेरच्या भिंतीवर नव्हती. मी ती दाखवली. ते क्षणभर थांबले, गुडघ्यावर बसून पुन्हा पाहिले आणि लिहून घेतले. मग सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला आणि सही मागितली. त्या सहीचा मला आजही अभिमान आहे. असा पंचनामा करायला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्धा तास जास्त लागतो इतकेच.

दुसऱ्या वेळचा अनुभव याच्या अगदी उलट. शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. एक शिपाई मोटारसायकलवर आला: "गुरुजी, साहेबांनी बोलावलंय, दोन मिनिटांचं काम आहे." सरकारी कर्मचाऱ्यांना गंभीर गुन्ह्यांत पंच म्हणून घ्यावे असे राज्य सरकारने ठरवल्यापासून मास्तर म्हटला की तो सरकारीच, अशी ठाण्यांची समजूत झालेली दिसते. (निवडणूक आहे, जनगणना आहे, त्यात ही एक भर!) गेलो. टेबलावर तीन पानांचा टंकलेला कागद तयार होता. ठाण्यासमोरच्या पानवाल्याची सही आधीच झाली होती. तो वर्षाकाठी किती पंचनाम्यांत असतो हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. कोपऱ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा भिंतीला टेकून बसला होता. कागदात लिहिले होते की, आरोपीने पंचांसमक्ष स्वखुशीने निवेदन केले, चोरलेला मोबाईल आपण नाल्याकाठच्या दगडाखाली लपवला आहे आणि तो काढून देण्यास आपण तयार आहोत. पोरगा तोवर माझ्यासमोर एक शब्द बोललेला नव्हता.

मी म्हणालो, "त्याला माझ्यादेखत विचारा, तो काय सांगेल ते लिहा, मग आपण सगळे मिळून नाल्यावर जाऊ." साहेब हसले. "गुरुजी, हा फॉरमॅट असतो. सगळीकडे असाच असतो." मी पुन्हा तेच म्हणालो. मग आवाज चढला. सहकार्य न करणाऱ्यावर काय कारवाई होते याची मला कल्पना देण्यात आली. मी लेखी आदेश मागितला, तो मिळाला नाही, आणि मी सही केली नाही. मी जोडे घालीत असतानाच शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलाला हाक गेली. दोन मिनिटांचे काम खरोखरच दोन मिनिटांत झाले असेल. पोरगा चोर असेलही, मला माहीत नाही. पण आरोपीने दाखवलेल्या जागी वस्तू सापडणे हा न्यायालयात केवढा भारी पुरावा असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या झेरॉक्सवाल्याच्या सहीचे वजन कळेल. एका तरुण माणसाची काही वर्षे त्या सहीला टांगलेली होती.

आणि आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने माझे डोके फिरते. पुढे खटला उभा राहिला आणि तो झेरॉक्सवाला मुलगा साक्षीच्या पिंजऱ्यात खरे बोलला, म्हणाला की मी ठाण्यात सही केली, काही पाहिले नाही, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येणार: 'पंच फितूर'. फितूर! गडाचे दरवाजे शत्रूला उघडून देणाऱ्यासाठी आपण राखून ठेवलेला हा शब्द. न घडलेल्या गोष्टीचा कागद ज्याने तयार केला त्याला काही नाव नाही, आणि शपथेवर खरे बोलणारा फितूर! पैसे खाऊन, धाक बसून उलटणारे पंच असतात, नाही असे नाही. पण दोन्ही जातींच्या माणसांना एकच शिवी देऊन आपण खऱ्या चौकशीची कटकट टाळतो.

तिसरा प्रसंग मरणाचा. आमच्या गावाजवळच्या लहान पुलाखाली एक शेतमजूर मेलेला सापडला. दारू पिऊन तोल गेला, असे गर्दीने आधीच ठरवून टाकले होते, आणि इन्क्वेस्ट पंचनाम्याचा मसुदाही त्याच वाटेने चालला होता. त्याच्या दोन्ही मनगटांवर सारख्या रुंदीचे, तिरके वळ होते. मी ते दाखवले. फौजदार तरुण होते, घाईत होते. पण मी जागेवरून हलत नाही म्हटल्यावर त्यांनी ते लिहिले, आणि मी वळांची आकृती कागदावर काढून दिली. हात पोलिसाचा, डोळा पंचाचा, असे कायद्याला हवे असते ते त्या दिवशी घडले.

या एका ओळीची किंमत मी पुढे सहा वर्षांनी मोजली. समन्स तीनदा आले. दोनदा तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी जाऊन, दिवसभर बाकावर बसून, 'पुढची तारीख' ऐकून परतलो. त्याच बाकावर आरोपींचे नातेवाईक बसलेले, मला चहा देऊ करणारे, माझ्या मुलांची चौकशी करणारे. त्या चौकशीत धमकी होती की आपुलकी, हे तुम्ही ओळखा. रजा माझी, एस.टी.चे तिकीट माझे; भत्त्याचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा हे विचारता विचारता ती खिडकी बंद झाली. पंचनाम्याची प्रत माझ्याजवळ नाही, कारण झडतीत घरमालकाला यादीची प्रत द्यावी असे कायदा सांगतो, पंचाला द्यावी असे कोणीच सांगत नाही. सहा वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा कागद साक्षीआधी पाच मिनिटे हातात मिळाला आणि लगेच पुकारा झाला.

बचावाचे वकील हुशार होते. "आपण कादंबऱ्या लिहिता. म्हणजे कल्पना करणे हा आपला धंदा?" मी म्हणालो, "होय, पण त्या पुस्तकावर कादंबरी असे छापलेले असते." मग त्यांनी विचारले की, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ आणि दोरीचा वळ यात मला फरक कळतो काय. मी म्हणालो, "दोन्ही मनगटांवर घड्याळ बांधणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही." तासभर उलटतपासणी झाली. मेलेल्या माणसाच्या सदऱ्याला किती गुंड्या होत्या इथपर्यंत विचारून झाले. शेवटी कारकुनाने साक्षीखाली सही घेतली आणि जायला सांगितले.

निकाल काय लागला? मला कोणीही कळवले नाही. कळवण्याची पद्धतच नाही. समन्सावरच्या क्रमांकावरून मी स्वतः न्यायालयाच्या संकेतस्थळावर शोधले, तेव्हा कळले की दोघांना शिक्षा झाली आणि एक सुटला. माझ्या आजोबांनी निकाल दिला होता. मला तो शोधावा लागला.

नव्या संहितेचे पाठीराखे सांगतात की आता काळजी नाही, झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले आहे. चांगले झाले. परंतु कॅमेऱ्याचे तोंड कोणीकडे आहे आणि तो केव्हा सुरू झाला, हे बघायला तिथे कोणी तरी उभा हवाच. बोलणे आधी पढवून मग कॅमेरा सुरू केला, तर चित्रात सगळे स्वखुशीनेच दिसेल. कॅमेरा पंचाच्या जागी बसवू नका, पंचाच्या हाताखाली द्या. त्याला विचारा, "आणखी काय टिपायचे?" जसे त्या म्हाताऱ्या हवालदारांनी मला विचारले होते. पोलिसांवर कामाचा भार फार आहे, माणसे अपुरी आहेत, हे मी जाणतो. त्या भाराखाली वाकलेले शिपाई माझ्या विद्यार्थ्यांचे बाप आहेत. पण त्यांचा भार हलका करण्यासाठी खोटी सही मागण्याचा अधिकार कोणी कोणाला दिलेला नाही.

तुमच्या दाराशीही कधी तरी तो शिपाई येईल. 'कशाला त्या लफड्यात पडता' असे घरातून सुचवले जाईल. पांढरपेशा घरात तर नक्कीच. माझे सांगणे उलट आहे: जा. आळीतला शहाणासुरता माणूस घरात दडून बसला म्हणून तर पानवाल्याला दर आठवड्याला सही करावी लागते. जा, पण बोलावणे लेखी मागा. समोर घडेल तेच लिहू द्या. वाचून, नको असलेली ओळ खोडायला लावून, मगच सही करा. आणि सरकारकडे आपण सगळ्यांनी मिळून एवढे तर मागू या की, सही केलेल्या कागदाची एक प्रत पंचाच्या हाती द्या आणि खटल्याचा निकाल त्याला दोन ओळींच्या पत्राने कळवा. गॅसचे सिलिंडर घरी आले तरी त्याची पावती मिळते.